रखमाचा अभिप्राय

टीव्ही केंद्रातून आलेला गठ्ठा वामनने चौथ्यांदा सोडला, तेव्हा यशोदा चहा पुढे ठेवत म्हणाली, "एव्हाना पाठ झाली असतील. उद्या दादांकडे आईंच्या फोटोपुढे म्हणूनच दाखवा."

बायकोची थट्टा वामनच्या अंगाला लागली नाही. पत्रं खरोखरच पाठ झाली होती आणि त्यात त्याला गैर काही वाटत नव्हतं. 'थोरलीचं घर' छापून चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत कादंबरीबद्दल आलेली पत्रं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यातलं एक प्रकाशकाचंच होतं. टेलिफिल्म लागली मात्र, आणि पंधरा दिवसांत केंद्रावर एकशे बेचाळीस पत्रं येऊन पडली. 'प्रेक्षकांची मते, लेखकाच्या माहितीसाठी' असा शेरा मारून कुणा भल्या माणसाने ती सुतळीने बांधून नेरूळच्या पत्त्यावर धाडली होती.

मतं तरी किती तऱ्हांची. सांगलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांना संवाद आवडले होते, पण एका प्रसंगात भिंतीवरचं कॅलेंडर चालू सालातलं होतं हे त्यांनी महिन्या-वारानिशी दाखवून दिलं होतं. नाशिकच्या एका बाईंना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. डोंबिवलीच्या महिला मंडळाने सासू-सुना दोघींना बोलावून चर्चा घडवली होती आणि ती भांडणावर गेली असंही प्रामाणिकपणे कळवलं होतं. परभणीच्या एका गृहस्थांचं म्हणणं असं, की थोरलीचं काम करणाऱ्या नटीने आमच्या गावात पाऊल टाकू नये. एकाने विचारलं होतं, ही बाई लेखकाला भेटली कुठे? त्या प्रश्नाखाली वामनने पेन्सिलीने रेघ मारली होती, उद्या कुणी मुलाखत घेतली तर उत्तर तयार असावं म्हणून.

सगळ्यांनी धरलं होतं ते थोरलीला. गोष्ट साधी होती. सासू गावाकडे आजारी पडते. शहरात थोरल्याची एकच खोली. थोरली नवऱ्याला पत्ता लागू न देता धाकट्या दिराच्या तोंडी निरोप धाडते, घरात जागा नाही, येऊ नका. धाकटा गरीब, शिकणारा, भावाच्या घरात मिंधा. तो रडत रडत निरोप पोचवतो आणि महिन्याभरात म्हातारी जाते. धाकट्याचं काम करणारा नट असा काही रडला होता, की सतरा पत्रांत 'बिचारा' हा शब्द आला होता. तोही वामनने मोजला होता.

गठ्ठ्याच्या तळाशी दहाबारा पोस्टकार्डं उरली होती. पेन्सिलीचं मोठं, वेडंवाकडं अक्षर दिसलं की वामन ती मागे टाकत आला होता. सगळी वाशीची होती. तिथल्या विहाराच्या हॉलमध्ये दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा आणि शिकवणाऱ्या बाईंनी धडा म्हणून ती लिहून घेतलेली दिसत होती. पहिल्या तिघींनी सिनेमा चांगला होता एवढंच लिहिलं होतं. वामनने चौथं उलटलं.

"टीव्ही केंद्राच्या साहेबांना रखमा सिताराम हिचा जयभीम. सिनेमा बघितला. सगळ्यांची कामं चांगली. थोरली वाईट. घरात जागा असून सासूला नाही म्हणाली. अशा बाईच्या हातचं पाणी मी पिणार नाही. वाकळ आमच्या घरातल्यासारखी दाखवली ते आवडलं. हे माझं पहिलं पत्र आहे. चूक असेल तर सांभाळून घ्यावे."

वामनने ते दोनदा वाचलं. मग यशोदाची चाहूल लागली तसं त्याने कार्ड सदऱ्याच्या खिशात सारलं.

रखमा त्याची सख्खी वहिनी. सितारामदादाची बायको. त्या घरातली थोरली.

तिने स्वतःला ओळखलंच नव्हतं. बाकी कुणी ओळखायचं राहिलं नव्हतं. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली किल्ली, भाकरी थापताना ओठ आवळून धरायची सवय, लाल काठाची आणि कोपऱ्यात हिरवा तुकडा जोडलेली वाकळ, सगळं वामनने जसंच्या तसं उचललं होतं आणि टीव्हीवाल्यांनी जसंच्या तसं दाखवलं होतं. बाई नखशिखांत तिची होती. फक्त करणी तिची नव्हती, आणि जे आपण केलंच नाही ते करणारी बाई आपण आहोत हे रखमाला कळायचं तरी कसं?

बारा वर्षांपूर्वी वाशी म्हणजे चिखल, खाडीवरचा वारा आणि एकसारख्या एका खोलीच्या घरांच्या रांगा. सिताराम तुर्भ्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. वामन त्याच्याकडे राहून बी. ए. करत होता. गावाहून आईच्या आजारपणाचं पत्र आलं तेव्हा सितारामची जोडपाळी चालली होती आणि रखमाच्या पदरात सात वर्षांची उत्पला आणि महिन्याची विशाखा होती. "भावजी, आत्याबाईंना घेऊनच या, त्या नको म्हनल्या तरी आईकू नका," असं सांगून तिने वामनला एसटीत बसवून दिलं. आत्याबाईंना गार लागतं म्हणून जुन्या लुगड्यांची वाकळ तिने बाळंतपणात शिवून पुरी केली होती. खाट कुठे टाकायची तेही ठरलं होतं. खिडकीपाशी, जिथे खोक्याच्या फळ्यांचं वामनचं टेबल होतं तिथे.

त्या टेबलापायी झालं. एप्रिलमध्ये परीक्षा होती, आणि खोकणारी आई, रडणारं मूल आणि दिवा लवकर मालवायची सक्ती एवढं सगळं एका खोलीत मांडून वामनने वाटेतच हिशेब केला होता. आईशेजारी बसल्यावर त्याच्या तोंडून वाक्य निघालं, "वहिनी म्हणते जागा नाही." परीक्षा झाली की मीच न्यायला येतो, हेही तो बोलला. म्हातारीने मान हलवली. "थोरलीचं बी खरंच हाय. तिला लेकरू हाय," एवढंच ती म्हणाली. परत येऊन त्याने वहिनीला सांगितलं की आई यायला तयार नाही, तिला गावच बरं वाटतं. एकोणिसाव्या दिवशी आई गेली. वामन पहिल्या वर्गात पास झाला. ती वाकळ पुढे पाच वर्षं त्यानेच पांघरली.

कादंबरी लिहायला बसला तेव्हा खरं लिहायचं असंच त्याने ठरवलं होतं. लेखक मंडळी ठरवतातच. पण धाकट्याने स्वतःच्या मनाने ते वाक्य बोलायची वेळ आली, तेव्हा लेखणी थोरलीकडे वळली. आईला जे सांगितलं होतं तेच त्याने वाचकांना सांगितलं. लोकांना ते पटलं, आणि लोकांना पटतं तसं त्यालाही थोडं थोडं पटत गेलं.

"ऐकताय का?" यशोदा दारात उभी होती. "तुमच्या काशीअक्का येऊन गेल्या परवा. तुमचा मूड बघून बोलले नाही. दादा वहिनींशी बोलत नाहीयेत."

"कधीपासून?"

"फिल्म लागली त्या दिवसापासून. वहिनींना कारण माहीत नाही, त्यांना वाटतं कंपनीचं टेन्शन आहे. आणि भिमाबाईंनी निरोप पाठवलाय की सुपारी फोडायची घाई नको." भिमाबाई म्हणजे दादाच्या थोरल्या मुलीला, उत्पलाला, मागणी आलेल्या मुलाची आई. यशोदाच पुढे म्हणाली, "उत्पलाची दया येते. बिचारीने नवी साडीसुद्धा आणून ठेवलीय."

"फिल्मचा आणि सुपारीचा काय संबंध?"

यशोदाने त्याच्याकडे जरा नवल करूनच पाहिलं. "अहो, ज्या घरात सासूला येऊ नका म्हटलं त्या घरातली मुलगी त्या कशाला करतील? तुम्ही लिहिलंत, मी हस्तलिखितात वाचलं, तेव्हापासून माझंच मन वहिनींवरून उडालंय. मी कधी बोलून दाखवलं नाही एवढंच."

हस्तलिखित वाचून तिला पाच वर्षं झाली होती. जाऊबाईंकडे जायचं म्हटलं की यशोदाचं डोकं दुखायचं ते का, हे वामनला आज कळलं. त्याला लाज वाटली. खिशातलं कार्ड सदऱ्याच्या आत टोचत होतं.

रविवारी आईचा स्मृतिदिन. सितारामचं घर आता दोन खोल्यांचं झालं होतं, पुढे पत्र्याची पडवीही निघाली होती. खिडकीपाशी टेबलाच्या जागी टीव्ही होता. स्टुलावर पांढरं कापड, त्यावर आईचा, बायजाबाईंचा फोटो, मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला तो फोटो होता, त्यामुळे बायजाबाईंच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणा बाईची चार बोटं कायमची राहून गेली होती. फोटोशेजारी, प्लास्टिकच्या वेष्टनात, 'थोरलीचं घर'. चार वर्षांपूर्वी सितारामनेच शाल घालून वामनचा सत्कार केला होता आणि पुस्तक तिथे ठेवलं होतं. त्या घरात ते कुणी उघडलं नव्हतं. उघडणार नाही हे वामनला ठाऊक होतं. टीव्ही सगळे उघडतात हे मात्र त्याच्या ध्यानात यायचं राहिलं होतं.

तो पायरी चढतोय तोच रखमा स्वयंपाकघरातून लगबगीने आली. हाताला खिरीची वेलची लागली होती.

"भावजी, येक इचारू? मी तुमच्या सिनेमावर कार्ड टाकलंय. आमच्या वर्गातल्या समद्यांनी टाकलं. ते तुमच्यापत्तुर येतं का तिथंच ऱ्हातं?"

वामनचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "काही आलं नाही, वहिनी."

"पिनकोड चुकला आसंल," ती हिरमुसून म्हणाली. "जाऊ द्या. पर भावजी, बाई कसली ओ दाखवलीत ती. मी पाक रडले. वाकळ बघून तर मला आपल्या आत्याबाईच दिसल्या." आणि हसून ती आत गेली.

आणखी एक खोटं. बारा वर्षांत सवय मोडली नव्हती.

भिमाबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं होतं, काठोकाठ, जसं आणलं तसं. उत्पला दोनदा येऊन बघून गेली होती. पाण्यासाठी ज्यांच्या वाडवडिलांनी डोकी फोडून घेतली, त्या लोकांत आपल्याच माणसाच्या घरचं पाणी न शिवणं म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. सितारामने पेला पाहिला होता. तो भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला होता.

मारोतरावांनी वंदना घेतली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. ते गावातले जुने बौद्धाचार्य, आवाज खडा. मग रीतीप्रमाणे ते म्हणाले, "आता आईबद्दल ज्याला दोन शब्द बोलायचे त्याने बोलावं. कुणी हातचं राखू नये."

दरवर्षी पहिला मान वामनचा असायचा. तो उभा राहिला की बायका पदर हातात घेऊनच बसायच्या, इतकं तो छान बोलायचा. या वर्षी त्याच्या आधी काशीअक्का उठली. सितारामच्या पाठची, वामनपेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण. आईच्या शेवटच्या दिवसांत उशाला तीच होती.

"मला भाषान येत न्हाय," ती म्हणाली. "बारा वर्सं पोटात ठेवलंय ते बोलते. आई जाताना मला म्हनली, थोरलीनं जागा न्हाय म्हून सांगून पाठवलंय, तिच्यावर राग धरू नको. मी धरला न्हाय. संसार फुटंल म्हून दादाला बी बोलले न्हाय. पर आता वामननं समद्या म्हाराष्ट्राला दाखवलंच, तर मी तरी का झाकू?"

खिरीचं पातेलं घेऊन रखमा मधल्या दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"कोन थोरली?" तिने विचारलं.

"आता कोन म्हून इचारतीस वहिनी?"

"वन्सं, मी कधी सांगून पाठवलं? मी तर त्या सिनेमातल्या बाईच्या इरुद्ध कार्ड टाकलंय. तिच्या हातचं पानी पिनार न्हाय म्हून लिवलंय मी."

भिमाबाईंची नजर आपल्या पेल्याकडे गेली.

"कुठं हाय ते कार्ड?" काशी म्हणाली.

"भावजींना पोचलं न्हाय. चुकलं कुठंतरी."

"टाकलंच नसंल."

रखमाने पातेलं खाली ठेवलं. तिचा चेहरा बघणं वामनला जड गेलं. एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती: नवऱ्याचा अबोला, भरलेला पेला, टीव्हीवरची किल्ली, टीव्हीवरची वाकळ. तिने पदराच्या टोकाची गाठ हातात धरली आणि तिच्याकडेच बघत राहिली. मग वर पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "ती मी हाय?"

आता नाही म्हणून सुटता आलं असतं. कादंबरी म्हणजे कल्पना असते, पात्रं दहा माणसांची मिळून होतात, असं तो कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत होता आणि हे वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण दारात उभी असलेली उत्पला त्याच्याकडे बघत होती. आपला काका शिकलेला आहे, तो काहीतरी करेल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

त्याने खिशातून कार्ड काढलं आणि सितारामच्या हातात दिलं.

सितारामने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. 'हे माझं पहिलं पत्र आहे' ही ओळ त्याने दोनदा वाचली. पण काशी हटली नाही. "लिवलं आसंल. त्यानं काय व्हतं? आई मरताना खोटं बोलली का?"

"आई खोटं बोलली नाही," वामन म्हणाला. "तिला तसं मी सांगितलं. वहिनीने मला आणायला धाडलं होतं. वाकळ शिवून ठेवली होती, खाटेची जागा काढली होती. मला माझं टेबल सोडायचं नव्हतं. परीक्षा होती. म्हणून आईला सांगितलं की वहिनी नको म्हणते, आणि वहिनीला सांगितलं की आई येत नाही म्हणते. पुस्तकातही तेच लिहिलं."

दरवर्षीच्या भाषणापेक्षा हे फारच लहान झालं. कुणाचे डोळे भरले नाहीत. काशीने तोंडाला पदर लावला, तो रडायला नव्हे. भावाकडे बघवेना म्हणून लावला.

सितारामने चष्मा काढला. तो म्हणाला, "परीक्षेचं मला बोलला असतास तर मी तुला कंपनीतल्या मित्राकडे ठेवला असता. तेवढं होतं माझ्या हातात." कार्ड त्याच्यापुढे धरून तो म्हणाला, "आणि पुस्तकात तर नावं बदलायचीच होती ना वामन? मग धाकट्यानं केलं असं लिहिलं असतंस तरी कुणाला कळलं असतं?"

वामनला शरम वाटत होती, नुसती शरम, आणि ती बोलून दाखवावी तर तेही पुन्हा भाषणच झालं असतं.

सिताराम बायकोकडे वळला. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोलायचं तर सुरुवात कुठून करावी हे त्याला समजेना. तो उठला, तिने खाली ठेवलेलं खिरीचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. त्या घरात पुरुषाने पातेलं उचललेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

रखमाने वामनला एकच विचारलं. "आत्याबाईंना शेवटापत्तुर वाटत व्हतं, की मीच नको म्हनले?"

"हो," वामन म्हणाला.

"आनि तरी वन्संला म्हनल्या राग धरू नको म्हून."

"हो."

ती फोटोकडे बघत खाली बसली. रडली नाही. यशोदा इतका वेळ नवऱ्याशेजारी होती, ती उठली आणि जाऊन रखमाच्या शेजारी, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. पाच वर्षांची डोकेदुखी आता कोणत्या शब्दांत सांगायची, हे तिलाही सुचत नव्हतं. रखमाने न बघताच तिचा हात धरला.

भिमाबाईंनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. "उत्पला, बाय, अजून दे," त्या म्हणाल्या. "आनि मारोतराव, सुपारीचं आजच उरकून घ्या. आमी टीव्हीवर इस्वास ठेवला, आमचं चुकलं."

बायका आत पानं मांडायला उठल्या. एवढ्यावर निभावलं असं वामनला वाटू लागलं होतं. दोन दिवस लोक बोलतील, मग सुपारीच्या गडबडीत विसरतील. तेवढ्यात रखमाने विशाखाला हाक मारली.

"माझं दप्तर आन. आनि पेन्सील."

वर्गाच्या बाईंनी प्रत्येकीला दोन कार्डं दिली होती, एक लिहायला आणि एक चूक झाली तर. रखमाचं दुसरं कार्ड कोरं राहिलं होतं. तिने ते पाटावर ठेवलं, ओठ आवळले आणि लिहायला लागली. लिहायला तिला वेळ लागत असे. एक अक्षर काढायचं, मान तिरपी करून बघायचं, मग पुढचं. पानं मांडून झाली होती, खीर निवत होती, पण जेवायला कुणी बसलं नाही. मारोतरावही उभेच राहिले. वामन समोर बसून उलट्या बाजूने अक्षरं बघत होता. दहा वर्षं तो मराठी शिकवत होता. एखादी ओळ तयार व्हायची इतकी धास्ती त्याने कधी घेतली नव्हती.

"पत्ता त्योच घातलाय," ती म्हणाली आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं. "पिनकोड तेवढा बघा. आनि पेटीत तुमीच टाका. जेवन मग."

कोपऱ्यावरची लाल पेटी घरापासून शंभर पावलांवर होती. वामन निघाला तेव्हा पडवीत सगळे उभे होते आणि कुणी त्याच्या सोबत आलं नाही. पेटीपाशी पोचल्यावर त्याने कार्ड वाचलं. पिनकोड बरोबर होता.

"टीव्ही केंद्राच्या साहेबांना रखमा सिताराम हिचा जयभीम. मागच्या कार्डात माझी चूक झाली. थोरली नव्हती. धाकटा होता. हे सगळ्यांना वाचून दाखवा."

खाली सही होती. 'चूक असेल तर सांभाळून घ्यावे' ही ओळ या वेळी तिने लिहिली नव्हती. वामनने कार्ड पेटीत टाकलं आणि जेवायला परत फिरला.